द्वारकाची दहावी आणि शहराची काळजी

अन्याय झाला तो पडेगावच्या द्वारकावर. घटस्थापनेनंतरच्या पहिल्या सोमवारी, मधली सुट्टी संपल्याची घंटा वाजत असताना तिला दहावीच्या वर्गातून उठवलं, मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं, तीन मास्तर आणि एका बाईंसमोर उभं केलं आणि विचारलं, "कुणाचं आहे? नाव सांग." तिनं नाव सांगितलं नाही. म्हणून तिच्या हातात दप्तर दिलं आणि घरी पाठवलं. तिला सतरावं वर्ष चालू होतं आणि सातवा महिना लागला होता.

हे आधीच सांगून टाकलं, कारण औरंगाबादच्या प्रवासाचं वर्णन म्हटलं की वाचक वेरूळ-अजिंठ्याची वाट बघत बसतो. वेरूळ मी पाहिलं नाही. बिबी का मकबरा रिक्षातून दिसला, तोही अर्धाच. उरलेला एका बोर्डामागे होता. मी सांगलीहून गेले ती आमच्या स्त्रियांच्या संघटनेची पत्रकं घेऊन. "कारखान्याच्या भोंग्याखाली कुमारी माता" असा त्यांचा मथळा. मजकूर माझाच. वर्तमानपत्रातली दोन कात्रणं समोर ठेवून एका बैठकीत लिहिलेला, आणि खरं सांगायचं तर मला तो फार आवडला होता.

गारखेडा

एसटीचा प्रवास सांगत नाही. ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी केला नाही त्यांची कंबर माझ्या सांगण्यानं दुखणार नाही. सकाळी बसस्थानकाबाहेर आले, तर रिक्षावाल्यानं विचारलं, "किदर जाना बाजी?" बाजी म्हणजे त्यांच्याकडची ताई. गारखेडा म्हटल्यावर "हौ, बैठो" म्हणाला आणि सगळ्या रस्त्याला भिंती दाखवत निघाला. इथल्या भिंती म्हणजे एक चालतं भांडण आहे. "नामांतर झालेच पाहिजे" असं निळ्या रंगात लिहिलेलं, त्यावर कुणी डांबर फासलेलं, डांबरावर पुन्हा निळा रंग. विद्यापीठाच्या नावाचा लढा आपण सांगलीत बातम्यांतून वाचतो. इथं तो चुन्यावर, दगडावर, दुकानाच्या शटरवर वाचावा लागतो. चौकात पोलिसांची गाडी उभी होती आणि तिच्या सावलीत एक म्हातारा पेरू विकत होता. रिक्षावाला म्हणाला, "पूरा शहर दीवार पे लिखता है जी, पढ़ता कोई नै."

या सगळ्यावर एक नवा कोरा कागद चिकटवलेला दिसला. "औद्योगिक वसाहत आणि आपल्या मुलींचे भवितव्य. जाहीर सभा, शनिवारी, बजाजनगर." कुठल्याशा नागरिक समितीनं लावलेला. द्वारकाचं नाव त्यात नव्हतं, पण ज्याला त्याला माहीत होतं की ही सभा तिच्या पोटावर भरणार आहे.

गारखेड्यात मी विमलताईंकडे उतरले. विमलताई वाळूजला औषधाच्या कारखान्यात गोळ्या पाकिटबंद करतात, कंपनीच्या बसनं जातात-येतात, आणि उरलेल्या वेळात नामांतराच्या मोर्चात असतात. दोन खोल्या, एक मोरी, दारात तुळस नाही पण मिरचीची कुंडी. त्यांनी येसराची आमटी केली होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याची आणि मसाल्याची पूड. नुसत्या उकळत्या पाण्यात टाकली तरी जेवण उभं राहतं. मी आपली सांगलीची, तिखटाला घाबरत नाही असं म्हणाले, आणि दुसऱ्या घासाला डोळे पुसायला लागले. विमलताई म्हणाल्या, "पी माय, पानी पी. क्रांती नंतर कर." इथं कुणालाही माय म्हणतात. माझ्यापेक्षा लहान पोरीलासुद्धा. पहिल्या दिवशी मला ते खटकलं. आमच्याकडे ताई म्हटलं की पुरे होतं. परत आल्यापासून त्याचीच सवय लागली आहे.

जेवण झाल्यावर मी पत्रक दाखवलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं आणि विचारलं, "तू भेटलीस का तिला?"

मी म्हटलं, नाही.

"मग हे कोणाचं लिवलंस?"

मी रागावले. पण पुढं त्यांनी जे सांगितलं त्यानं राग जिरला. द्वारका काही कारखान्यात जात नव्हती. ती मेंढपाळांच्या घरातली, शाळेत जाणारी पोरगी. कारखान्याचा संबंध वर्तमानपत्रानं जोडला, आणि तिथून समितीनं उचलला. वाळूजला कारखाने आले, बाहेरगावची पोरं आली, पोरी पाळ्यांना जायला लागल्या, म्हणून असं होतं, हा सगळ्यांचा हिशेब. शनिवारी ठराव होणार होता की कारखान्यांनी पोरींना दुसऱ्या पाळीला घेऊ नये. विमलताईंसारख्या कित्येकींची चूल त्या पाळीवर पेटते.

आणि याहून वाईट एक गोष्ट होती. विमलताईंच्या बहिणीचा मुलगा द्वारकाच्याच वर्गात. त्यांची वस्ती बौद्धांची, शाळेपासून जवळच. "तिनं नाव सांगितलं नाही," विमलताई म्हणाल्या, "म्हणून लोकच सांगायला लागले." पानटपरीवर, पिठाच्या गिरणीत त्या पोराचं नाव फिरायला लागलं होतं. का, तर तो एकदा तिला वही द्यायला गेला होता. नामांतराच्या पायी या जिल्ह्यांत घरं कशी जळाली ते विमलताईंनी पाहिलेलं. त्यांच्या बहिणीनं पोराची शाळा बंद करून त्याला घरात ठेवलं होतं. ते सांगताना विमलताई भांडी घासत होत्या, आणि एकच तवा किती वेळ घासत होत्या ते त्यांना कळत नव्हतं.

पडेगाव

दुसऱ्या दिवशी छावणी ओलांडून पडेगावला गेले. दौलताबादच्या रस्त्याला शहर हळूहळू विरळ होत जातं. आधी बंगले संपतात, मग दुकानं, मग झाडं, आणि शेवटी नुसता खडक उरतो. त्या खडकावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात पत्रकांचा गठ्ठा, अशी मी मेंढपाळांच्या वस्तीत शिरले. दगडमातीची, पत्र्याची घरं, कुंपणावर वाळत घातलेल्या घोंगड्या, आणि सगळीकडे लोकरीचा तो ओलसर उबट वास. आमच्याकडे असा वास धनगर वाड्यावर रस्त्यानं जाता जाता येतो. इथं तो घरात राहतो.

एका दगडावर गठ्ठा ठेवून मी चप्पल बांधायला बसले, तेवढ्यात एका शेळीनं पत्रकं ओढली आणि खायला सुरुवात केली. मी ओरडले. घरातून एक मुलगी धावत आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, पुढं आलेलं पोट ओढणीखाली. तिनं शेळीच्या तोंडातून कागद सोडवला आणि काळजीनं विचारलं, "ताई, शाई बाधंल का हो हिला?"

ही द्वारका.

मग माझ्याआधी तिनंच पत्रक उलगडून वाचायला घेतलं. बोट न लावता, सलग वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली आणि म्हणाली, "लई वंगाळ झालं बिचारीचं. कुठली हाय ही?"

मला वाटलं, पोरगी शहाणी आहे, अनोळखी माणसासमोर सावध राहते आहे. मग मी जे बोलायला आले होते ते बोलले. घाबरू नकोस, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत, दोषी माणसाला सोडणार नाही, मोर्चा काढू, फौजदारी करू, तू फक्त नाव सांग. द्वारका ओढणीचं टोक पिळत खाली बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. ती लाजली. आता अशा वेळी कुणी लाजतं का? मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागून आवाज आला. डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिची आई आली होती, सारजाबाई.

"तिला कामून इचारायलीस माय? ती कसं सांगंल? नवऱ्याचं नाव घेतं का कुनी?"

मी म्हटलं, "नवऱ्याचं?"

सारजाबाईंनी भारा टाकला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, हातातल्या चपलेपाशी नजर थोडी थांबवली. "मंग काय शेजाऱ्याचं?"

मग त्या माउलीनं मला आत बसवून मेंढीच्या दुधाचा चहा दिला आणि सगळं सांगितलं. गेल्या वर्षी द्वारका नववी पास झाली, त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं होतं. घरची माणसं मेंढरं चारायला बाहेर होती, तिथंच रानात मांडव घातला, हळद-अक्षता झाल्या. पत्रिका नाही, फोटो नाही. ती सासरी गेली, कळपाबरोबर फिरली. पाचव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणली. आणि माहेरी आल्यावर तिनं काय केलं, तर शाळेत जाऊन बसली. मेंढपाळांची लेकरं वर्ष-वर्ष नाहीशी होतात आणि परत येतात, त्यामुळे वर्गशिक्षकांनी काही विचारलं नाही. नाव लिहून घेतलं.

"पण मंगळसूत्र?" मी विचारलं. "जोडवी?"

द्वारका पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "शाळंत दागिने घालून यायचं नाय. भिंतीवर लिवलंय."

नियम म्हणजे नियम. काळे मणी अंगावेगळे करायचे नाहीत म्हणून सारजाबाईंनी पोलक्याला आतून चोरकप्पा शिवला होता आणि मणी त्यात ठेवले होते. जोडवी शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत. सगळं सौभाग्य जिथल्या तिथं होतं, फक्त शाळेला दिसत नव्हतं.

आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत? द्वारका म्हणाली, "सर म्हनले, कुनाचं हाय, नाव सांग. इतक्या मानसांत कसं घ्यावं नाव? उखाना घ्यायचा व्हता का मी तिथं?" आणि मायलेकी हसायला लागल्या. सारजाबाईंनाही शाळेत बोलावलं होतं. त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. मुख्याध्यापक म्हणाले, मुलीला घरी ठेवा. "मला वाटलं, अवघडलेली हाय म्हून काळजीनं म्हनत्यात. म्या त्याहिला बरं म्हनलं."

मी हसले नाही असं म्हणणार नाही. इतकं हायसं वाटलं की भिंतीला टेकून बसले. कुणी या मुलीला फसवलं नव्हतं, कुणी पळून गेलं नव्हतं, विमलताईंचा भाचा सुटला होता. पण द्वारका हसता हसता थांबली होती. तिनं विचारलं, "ताई, फार्म भरायचा ऱ्हायलाय. दिवाळीच्या सुट्टीआधी नाय भरला तर बसू देत नाहीत ना?"

मग तिनं मला समजावून सांगितलं, एखाद्या अडाण्याला समजावावं तसं. सासरी पहाटेपासून पाणी, शेण, चूल, मेंढरांची पिल्लं. तिथं पुस्तक काढायला वेळ नाही आणि काढलं तर हसतील. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्या काळात सासरचे न्यायला येत नाहीत. पूस-माघात ती मोकळी होईल, मार्चात परीक्षा, मग न्यायला येतील. "ही एकच बारी हाय माझी," ती म्हणाली. "पोटाला ऱ्हायलं म्हून शाळा गावली. नायतर कुठली शाळा."

हे वाक्य मी परतीच्या बसमध्ये मनात पुन्हा पुन्हा घोळवलं. सगळं शहर ज्या पोटाला आपत्ती म्हणत होतं, त्याच पोटानं या पोरीला रजा मिळवून दिली होती. सासरच्या राबणुकीतून मिळालेली एकुलती एक रजा, आणि ती तिनं भूमितीला लावली होती.

शाळेत

विमलताईंनी एक खाडा केला. त्या, मी आणि सारजाबाई अशा तिघी शाळेत गेलो. मुख्याध्यापक आम्हाला बघून उठलेच नाहीत. समोर फाईल ओढून घेतली. मी सांगितलं, द्वारकाचं लग्न झालेलं आहे.

माणसाचा चेहरा इतक्या पटकन उजळलेला मी पाहिला नव्हता. "अहो, मग आधी सांगायचं ना!" खुर्च्या आल्या. शिपाई चहाला पिटाळला गेला. त्या दिवशी खोलीत हजर असलेल्या बाई आल्या आणि सारजाबाईंना म्हणाल्या, "गोड बातमी आहे म्हणायची." तिला जपा म्हणाल्या, लिंबाचं लोणचं हवं असेल तर माझ्याकडे आहे म्हणाल्या. मी बघत राहिले. गेल्या आठवड्यातल्या सोमवारी जे पोट शाळेच्या नावाला काळिमा होतं त्याला या गुरुवारी लोणचं मिळत होतं. पोट तेच, पोरगी तीच, वयही तेच.

पण मुख्याध्यापक सावध माणूस. उद्या समितीनं विचारलं तर? सासरकडचं कुणीतरी मोठं माणूस समोर येऊन सांगेल तर पटावर नाव परत घेतो, फॉर्मही भरून घेतो. शनिवारच्या सभेआधी आलं तर बरं.

सारजाबाईंचा चेहरा उतरला. रस्त्यावर आल्यावर त्यांनी सांगितलं, द्वारका शाळेत जाते हे सासरी माहीतच नाही. त्यांनी पोरगी आरामाला पाठवली आहे. कळलं तर सासरा उद्याच येईल आणि परत घेऊन जाईल. म्हणजे शाळा मिळवायला सासरा पाहिजे, आणि सासरा आला तर शाळा जाणार.

विमलताई म्हणाल्या, "जाऊन तर बघू. तोंड हाय ना आपल्याला."

दौलताबादच्या पलीकडे

शुक्रवारी सारजाबाई आणि मी निघालो. द्वारकाचे वडील स्वतःच्या मेंढरांमागं दूर गंगापूरकडे गेलेले, त्यांना निरोप पोचायलाच आठवडा गेला असता. सासऱ्याचा कळप मात्र दौलताबादच्या पुढं, मका काढून घेतलेल्या एका रानात बसला होता. शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, खत मिळतं. बदल्यात धान्य देतात.

किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळांचे ढीग लागले होते. सांगलीला आपण द्राक्षांचा तोरा मिरवतो, पण दौलताबादचं सीताफळ खाल्ल्यावर तोरा जरा आवरायला हवा. सारजाबाईंनी एक टोपली घेतली, व्याह्याकडे रिकाम्या हातानं जाता येत नाही म्हणून, आणि वाटेत दोघींनी त्यातली चार संपवली. बिया फेकत चालताना त्यांनी मला विचारलं, माझं लग्न का झालं नाही. मी म्हटलं, करायचं नाही अजून. त्या म्हणाल्या, "बरं हाय. मला तेराव्यात दिलं. मला कुनी इचारलंच नाय." मग म्हणाल्या, "म्या बी द्वारकाला इचारलं नाय." आणि उरलेल्या फळांवर पदर झाकून पुढं चालायला लागल्या.

मुंजाजी, म्हणजे द्वारकाचे सासरे, घोंगडीवर बसून टकळीवर लोकर कातत होते. पांढऱ्या मिशा, लाल पागोटं, नजर बोलणाऱ्याकडे नाही तर मेंढरांकडे. त्यांचा मुलगा, म्हणजे ज्याचं नाव सगळ्या शहराला पाहिजे होतं तो, लांब कळपापाशी पाठ करून उभा होता आणि आमच्याकडे वळून बघायचं नाव काढत नव्हता.

आमच्याकडे व्याही-विहिणी समोरासमोर भांडतात. इथं सारजाबाईंनी पदर पुढं ओढला, मुंजाजींकडे अर्धी पाठ करून बसल्या, आणि सगळं शेजारी बसलेल्या विहिणीला, म्हणजे मुंजाजींच्या बायकोला सांगितलं. पण अशा आवाजात की मेंढरांनाही ऐकू जावं. द्वारका शाळेत जाते म्हटल्यावर मुंजाजींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"पोटुशी पोरगी शाळंत काय करायली?"

"भूमिती," मी म्हटलं.

ते गंभीरपणे विचार करत राहिले. मग म्हणाले, मास्तरनं हाकलली ते बरोबर केलं. शिकून काय मेंढरं मोजणार? ती न शिकता मोजता येतात. मला वाटलं, आता पोरीला घेऊन जातो म्हणतील, आणि ते माझ्यामुळे झालं असेल.

सारजाबाई विहिणीलाच म्हणाल्या, "हाकललं ते अवघडली म्हून नाय, इहीनबाई. मास्तरांनी इचारलं, कुनाचं हाय."

टकळी थांबली.

"कुनाचं म्हंजी?" मुंजाजी म्हणाले. "माझ्या सुनंला?"

"व्हय."

ते उठले. काठी घेतली, पागोटं सोडून पुन्हा बांधलं. बायकोला म्हणाले, उद्या मेंढरं तू बघ. मग सारजाबाईंनी धीर करून शेवटचं विचारलं, परीक्षेचं. मुंजाजींनी वळून बघितलंही नाही. "पयलं बाळंतपन माहेराचं. तुमच्या घरी हाय तवर तिला शाळंत बसवा नाय तर ढगात बसवा, मी कोन बोलनार? पन उन्हाळ्यात माझी सून मला पायजे."

"परीक्षा शिमग्याआगं-माघं सरती."

"मंग सरू द्या की."

एवढंच. एखादा रिवाज पोरीच्या बाजूनं उभा राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. आम्ही कितीतरी पत्रकं रिवाजांच्या विरुद्ध काढली आहेत, पुढंही काढू. पण त्या रानात मी त्या रिवाजाला मनातल्या मनात हात जोडले.

पुन्हा शाळा, मग बजाजनगर

शनिवारी सकाळी मुंजाजी शाळेत आले ते थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत. सीताफळांची टोपली टेबलावर ठेवली, खुर्ची नाकारली आणि म्हणाले, "माझी सून हाय. लगीन म्या लावलंय. तुमी शिकलेले मानसं, बाईमानसाला नवऱ्याचं नाव चार मानसांत इचारतेत का कुठं?"

मुख्याध्यापक म्हणाले, गैरसमज झाला. दोनदा म्हणाले. द्वारकाला बोलावलं. ती सासऱ्याला बघून पदर घ्यायला गेली, पदर नव्हता, म्हणून ओढणी डोक्यावर घेतली. फॉर्म पुढं आला. तिनं सगळ्यांच्या देखत, सावकाश, वळणदार सही केली. विमलताईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. त्याच दिवशी मधल्या सुट्टीनंतर त्यांचा भाचाही वर्गात येऊन बसला. गिरणीत, टपरीवर ज्यांनी त्याचं नाव घेतलं होतं त्यांपैकी एकानंही माफी मागितली नाही.

निघताना मुंजाजी खुशीत होते. मुख्याध्यापकांना म्हणाले, "बिनलग्नाची असती तर मीच हाकलली असती." सगळे हसले. मुख्याध्यापक सगळ्यांत जास्त. द्वारका हसली नाही; ती पेनला टोपण लावत होती.

संध्याकाळी बजाजनगरला सभा झाली. पाळी सुटलेले कामगार, बायका, सतरंजी, माईक, सगळं होतं. अध्यक्षांनी सांगितलं की सुदैवाने सदर मुलगी विवाहित निघाली. टाळ्या वाजल्या. मी उठले. म्हटलं, ती अजून सतरा वर्षांचीसुद्धा झालेली नाही. तिचं लग्न लावलं तेव्हा तर पंधराची होती. आठवडाभर तुम्हाला तिच्या वयाची इतकी काळजी होती, तर त्या लग्नाची सभा कधी घेताय?

अध्यक्ष अगदी प्रेमानं म्हणाले, "ताई, ते घरगुती आहे. आता प्रश्न मिटला."

मग विमलताई उठल्या आणि म्हणाल्या की सोमवारपासून त्यांची दुसरी पाळी आहे आणि त्या जाणार आहेत, ठराव करायचा तर त्यांच्या तोंडावर करा. पण तोवर कंपनीच्या बसचे हॉर्न वाजायला लागले होते, लोक चपला शोधत होते, आणि ठराव कुणी मांडलाच नाही. आम्ही दोघी चालत रस्त्यापर्यंत आलो. विमलताई म्हणाल्या, "आज झोप लागंल बघ." मलाही लागली. गाढ लागली.

सांगलीला परत येऊन हे लिहिते आहे ते समाधानानं. द्वारका वर्गात आहे, तिची परीक्षा तिच्या हातात आहे. पण ती आत गेली कशानं? पागोटं बांधलेला एक सासरा येऊन "माझी आहे" म्हणाला म्हणून. जिच्यासाठी असं म्हणायला कुणी येणार नाही, तिचं दप्तर अजून तिच्या हातात आहे आणि ती घरी बसली आहे. अशी मुलगी तुमच्या गावात नाही असं मला सांगू नका. तुमच्या गावात नागरिक समिती नसेल एवढंच.

तेव्हा हे वाचून झालं की उठा आणि जवळच्या शाळेत जा. दहावीच्या वर्गात कोणती मुलगी येत होती आणि आता येत नाही, ते विचारा. तिच्या घरी जा. लग्न झालंय का ते विचारू नका, कुणाचं ते विचारू नका. फॉर्म भरायचाय का, एवढंच विचारा. ती हो म्हणाली तर तिच्याबरोबर शाळेत जा, आणि तिची सही होईपर्यंत तिथून हलू नका.